मथीच्या जिवावरचा धुरा

नाल्याने धुऱ्याचा दगड नेला तो भादव्यातल्या पुरात. दौलतराव पाटलाला त्याची आठवण झाली ती चैतात, जब्बारने लोकल बोर्डाला उभं राहायचं बोलून दाखवल्यावर.

तोवर दगडाचं नाव कोणी काढलं नव्हतं. पाटलाचं मोठं वावर आणि जब्बारचं नाल्याकाठचं वावर यांच्यामधला धुरा, शिवेचा बांध, साऱ्या गावाच्या पायाखालचा होता. बायका त्याच्यावरून सरपण आणत, गुराखी त्याच्यावर बसून भाकर खात. बाभळीपर्यंत तो सरळ यायचा, बाभळीपाशी नाल्याकडे वळायचा. पुराने आता तो सपाट करून टाकला होता. पाटलाचं ते वावर जगदेव बटईनं करायचा. त्याचा बापही तेच वावर करत मेला. जगदेवचा नांगर बाभळीपाशी आपोआप वळायचा, बैलांनासुद्धा ठाऊक होतं.

भांडण दगडाचं नव्हतंच, विहिरीचं होतं. बोर्डाच्या पैशानं गावाला विहीर मंजूर झाली आणि बोर्डाचे मेंबर असलेल्या पाटलाने ती आपल्या मळ्यात खोदून घेतली. मळ्याला फाटक होतं. फाटक उघडेल तेव्हा गावानं पाणी भरायचं. जब्बारचं म्हणणं एवढंच, की पुढची विहीर फाटकाबाहेर व्हावी आणि त्यासाठी बोर्डात कोणी दुसरं जावं. पण बोर्डाला उभं राहायला नावावर ठरावीक शेतसाऱ्याची जमीन लागे. मत द्यायलाही जमीनच लागे. जगदेवसारख्यांना मत नव्हतं, म्हणून त्यांना कोणी विचारायलाही जात नसे. जब्बारची जमीन हिशेबात जेमतेम बसत होती. नाल्याकाठची पट्टी तिच्यातून निघाली की तो बाहेर. म्हणून पाटील म्हणू लागले, धुरा बाभळीपाशी वळत नाही, त्या पट्टीतून सरळ नाल्यात उतरतो.

पंच मारोतीच्या पारावर बसले तेव्हा जगदेवची बायको रंगू भिंतीआड बायकांत उभी होती. कडेवर मथी. पोरगी अजून धरून उभी राहायची, तिला पाऊल फुटलं नव्हतं. आईच्या गळ्यातली पोत तोंडात घालून ती चोखत होती.

"मोजनी आना," जब्बार म्हणत होता. "सरकारी मानूस येईन, साखळी टाकीन, झालं."

"मोजनीवाला पावसाळ्याच्या आंधी येत नाई," बबनराव पंच म्हणाले. "तवरोक पेरनी कोनं कराची त्या पट्टीत?"

पाटील सुपारी कातरत होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "आपल्या बापजाद्यायनं काय साखळ्या आनल्या होत्या? धुरा चालवा. जो वावर वाह्यते त्यानं ओलेत्यानं, डोक्शावर त्याच वावरातलं ढेकूळ घेऊन, मारोतीची आन घेऊन चालाव. तो चालीन तो धुरा. पुनवेपर्यंत त्याच्या घरात वंगाळ घडलं नाई, तं पक्का."

वाहणारा म्हणजे जगदेव, आणि जगदेव पाटलाच्या घरचा. जब्बारने जगदेवकडे पाहिलं. जगदेव पाराच्या पायरीखाली उकिडवा बसून काडीनं माती उकरत होता.

"बरं," जब्बार म्हणाला. "जुनी चाल हाय ना? मंग पुरी चालवा. डोक्शावर ढेकूळ, आन कडीवर सोताचं लेकरू."

पारावर कोणीतरी हसलं. "त्याले पोट्टी हाय, जब्बारभाई. पोट्टीच्या जिवावर धुरा ठरते का बाप्पा?"

"लेकरू ते लेकरू. याले म्या एवढुसा होता तवापासून पाह्यतो. हा लेकरू घेऊन खोटा चालनार नाई. माह्यं मंजूर."

पंचांनी माना हलवल्या. रंगूला तेव्हा बरंच वाटलं. जब्बारला जे वाटलं तेच तिलाही वाटलं: आता कोणी यांना खोटं चालायला सांगणार नाही. मथीच्या तोंडातली पोत काढून तिने पदराने तिची लाळ पुसली आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटलाच्या गोठ्यात शेण भरत होती. रोजचंच काम, घराच्या जागेपायी. मथी ओसरीच्या खांबाला लुगड्याच्या पट्टीनं बांधलेली. पाटलाने जगदेवला तिथेच बोलावलं. रंगू शेणाच्या टोपल्याशी वाकलेली राहिली, तिची पाठ त्यांच्याकडे होती.

"तुह्या बापाले घर बांधाले जागा कोनं देली रे?"

"तुमी, मालक."

"म्या कायले? माह्या बापानं देली. म्या तं फक्त राहू देलं." पाटलाने थुंकून घेतलं. "मले तुह्याकून काई नोको. बाभळीपाशी धुरा वळते ना? तू वळू नोको. सरळ नाल्यात उतर."

बैलाची शेपटी अंगावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

"पोट्टी बांधून काहून ठेवली वं?" पाटील रंगूला म्हणाले. "सोड तिले. खेळू दे. कोनी काई करत नाई इथी."

त्यांनी स्वतः वाकून गाठ सोडली, मथीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मथी हसली. रंगूचे शेणाचे हात तसेच लोंबत राहिले.

घरी जगदेव जेवायला बसला आणि भाकरीचा तुकडा घोळवत बसला.

"तुमी काय मनलं त्यायले?" रंगूने विचारलं.

"काय मनाव?"

"नाई मनाव."

"नाई मनून जाव कुठी? बैल त्यायचे, वावर त्यायचं, हे कूड त्यायच्या जागेत. तू सांग, कुठी जाव?"

"पोरीले घेऊन नाई चालाचं. एकले चाला, खोटं चाला, काईबी करा. पोरीले नाई."

"जब्बारनं अट घातली ना! म्या घातली का?"

चुलीपाशी गोजराबाई, तिची सासू, निखारे ओढत होती. म्हातारीने मान वर केली नाही. "पोट्टीच तं हाय," ती म्हणाली. "माह्ये चार गेले. तवा कोनता धुरा चालला होता? जानारं जाते, राह्यनारं राह्यते. घर गेलं तं पावसात कुठी निजवशीन तिले?"

"आत्याबाई, तुमाले भेव वाटत नाई?"

"मले घराचं भेव वाटते," म्हातारी म्हणाली.

रंगू पोरीला पाजायला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मथी पिताना मध्येच थांबायची, वर बघायची, पुन्हा प्यायची. तिच्या टाळूवरचा मऊ खड्डा अजून भरला नव्हता, श्वासाबरोबर तो हलायचा. त्याच्यावर हात ठेवायची रंगूला सवय होती. त्या दिवशी तिने हात ठेवला आणि तो उचलवेना.

अवसेला सारं गाव वावरात आलं. जगदेवने नाल्यातल्या डबक्यात बुडी मारली. ओलं धोतर मांड्यांना चिकटलं, अंगावर काटा आला. पाटलाचा गडी रूपला याने तासातलं मोठं ढेकूळ उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं. त्याची माती ओघळून कानामागून मानेवर आली.

"आन पोरीले," बबनराव म्हणाले.

रंगूने मथीला दिलं नाही. तिला द्यायचंच नव्हतं असं नाही, पण हात सुटेनात. गोजराबाईने मागून येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली आणि पोर लेकाकडे दिली. बापाचं ओलं अंग लागल्यावर मथी किंचाळली. मग ढेकूळ तिला दिसलं आणि ती त्याला हात घालू लागली.

जगदेव चालू लागला. एका हाताने ढेकूळ धरलेलं, दुसऱ्या हातात पोर. दोन्ही बाजूंनी लोक चालत होते आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या पायांवर होते. नांगरलेल्या रानात पाय रुतत होते. पाटील छत्री घेऊन बांधावर उभे होते, आलेच नाहीत पुढे.

बाभळीपाशी जगदेव थांबला.

जब्बारही थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. तो जगदेवकडे ओळखीचं पाहत होता. बाभळीच्या सावलीत मथीने बापाच्या ओल्या छातीवर गाल टेकला होता. जगदेवची नजर बायकांच्या घोळक्यात गेली, रंगूवर आली, आणि लगेच निघून गेली.

तो सरळ गेला.

ढेकळावर पाय पडत होते त्याचाच आवाज. जब्बारच्या वावरात, जब्बारने स्वतः वखरून ठेवलेल्या काळ्या भुईवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे पडत गेले आणि उन्हाने लगेच पुसटत गेले. जब्बारची बायको सकीनाबी नाल्याच्या काठावर उभी होती. जगदेव तिच्या समोरून खाली उतरला तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला नाही. ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती मथीकडे पाहत होती.

तेव्हापासून गावात मथीला कोणी कडेवर घेईना. आधी शेजारच्या बायका येता-जाता तिचा मुका घेत. आता त्या लांबूनच विचारत, "पोरगी बरी हाय ना वं?" आणि उत्तर ऐकायला थांबत. पोरं दारात येऊन पाहून पळत. रंगू तिला घेऊन फाटकाशी पाणी भरायला गेली की बायका घागरी टेकवून मथीचं तोंड, पाय, डोळे पाहून घेत. कोणाला जब्बारचं भलं व्हावं असं वाटत होतं, कोणाला पाटलाचं. पाहायचं मात्र सगळ्यांना मथीकडेच.

पाटलाच्या वाड्यावरून रोज तांब्याभर दूध येऊ लागलं. ते घेऊन रूपला यायचा आणि जायचा नाही. दारासमोरच्या लिंबाखाली बसून राहायचा.

"मालकानं सांगतलं, नजर ठेव मनून," तो म्हणायचा. "ऊन नोको लागू देऊ पोट्टीले. भुईवर कायले सोडली? इचू असतात."

"माही पोरगी हाय, रूपलाभाऊ."

"तुही तं हायच. पन पुनवेपर्यंत जरा आमचीबी हाय," रूपला हसत म्हणाला.

दूध जड होतं. रंगू त्यात पाणी घालायची, मथीला थोडंसं पाजून उरलेलं गोजराबाईला द्यायची. पोरगी शिंकली की ती चमकायची. पोरगी जास्त वेळ झोपली की तिच्या नाकाशी बोट धरायची, आणि जागी राहिली की का झोपत नाही म्हणून घाबरायची. जगदेव बाहेरच जेवायचा, बाहेरच निजायचा. पोरीला हात लावत नव्हता. एकदा मथी रांगत त्याच्यापाशी गेली, धोतर धरून उभी राहिली. तो तसाच बसला, दोन्ही हात मागे घेऊन.

सरपणाला गेली असताना रंगूला सकीनाबी दिसली. पट्टीच्या कडेला ती एकटी उभी होती. रंगूने पदर ओढून मथीला झाकलं आणि आडवाटेने परत आली. सरपण आणलंच नाही.

पुनव जवळ आली आणि मथीचं पोट बिघडलं.

पहिल्या दिवशी रंगूने कोणाला सांगितलं नाही. लंगोट लपवून, परड्यात मागच्या बाजूला धुतले. दुसऱ्या दिवशी धुण्यासारखंही काही उरलं नाही, नुसतं पाणी. ऊन असं की कुडाला हात लावला तर पोळायचा. मथीचे डोळे आत गेले. ती रडायची, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. टाळूचा खड्डा खोल झाला, बोटाचं टोक बसेल एवढा.

रूपलाने सांगितलं असावं. पाटील त्यांच्या दाराशी कधी आले नव्हते, ते आले. चौकट ठेंगणी होती. ते वाकले नाहीत, बाहेरूनच म्हणाले, "दाखव."

रंगूने पोर दाखवली.

"दात येऊन राह्यले असतीन," पाटील म्हणाले.

"मालक, मंगरूळच्या दवाखान्यात नेतो तिले," जगदेव म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा पोरीबद्दल बोलला.

"नेऊ ना. पुनव झाली का म्या सोता बैल जुंपून दमनी देतो. गादी टाकून नेजा."

"पुनवेले अजून…"

"अरे, आज दमनीत घालून नेली तं गावातून नेशीन का आभायातून? जब्बार ढोल वाजवीन. देवानं धरली पोट्टीले मनीन. आतालोक निभलं, थोडं राह्यलं." त्यांनी कसलीशी साल उगाळून द्यायला सांगितली. जाताना वळून रंगूला म्हणाले, हळूच, समजावल्यासारखं, "दार लावून घेत जा. रडन्याचा आवाज जाते."

ते गेल्यावर जगदेव बराच वेळ दारात उभा होता. मग त्याने खांद्यावर पंचा टाकला आणि कामाला निघून गेला. रंगू त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पाठ वळेल असं तिला वाटलं.

दुपारी मथी रडायची थांबली.

रंगूला त्या थांबण्याचीच जास्त भीती वाटली. पोरीचे ओठ चिकटले होते, ती तोंड उघडझाप करायची आणि त्याचा बारीक चिकट आवाज यायचा. रंगूने तिला उचललं. हात-पाय असे लोंबले की जणू त्यांत कोणी नाहीच. बाहेर रूपला लिंबाखाली डोक्याखाली पायताण घेऊन पडला होता.

गोजराबाई दारात आडवी बसली होती. रंगू तिच्यासमोर उभी राहिली. म्हातारीने नातीकडे पाहिलं. मग उठून माठातलं पाणी घेऊन एक फडका भिजवला, पिळला, पोरीच्या डोक्यावर ठेवला. पदर सारखा केला. आणि बाहेर जाऊन रूपलाच्या डोक्याशी उभी राहून ओरडू लागली, "काबे मुर्द्या, इथी निजाले येतं का? तुह्या मालकाची गाय माह्या परड्यात घुसली, उठ! समदा वाल खाल्ला तिनं! उठ ना बे!"

रूपला डोळे चोळत परड्याकडे धावला. रंगू दुसऱ्या बाजूने निघाली.

गावात पाटलाच्या परवानगीशिवाय जुंपता येईल अशी गाडी एकाच घरी होती. तिथे जायला रंगूचे पाय तयार नव्हते. ती जब्बारच्या घराच्या मागच्या अंगानं गेली आणि अंगणात उभी राहिली. सकीनाबी सूप घेऊन तुरी पाखडत होती. सूप थांबलं.

"कायले आली?"

"पोरगी…" रंगू बोलू लागली आणि सकीनाबी उठून जवळ आली तशी तिने न कळत पोरीवर पदर ओढला.

"लपवू नोको. सारं गाव तिले पाहून राह्यलं. माह्याच डोळ्यात जहर हाय का?"

"गाडी पायजे. मंगरूळले जाव लागते."

"पाटलाच्या दारी दमन्या हायेत."

"पुनव झाल्यावर देतो मनते."

सकीनाबीला कळायला वेळ लागला नाही. तिने रंगूच्या हातावरचा पदर बाजूला केला. मथीचं तोंड उघडझाप करत होतं.

"हे मेली तं माह्यं वावर वापस येते," सकीनाबी म्हणाली. "तुले मालूम हाय?"

"हाव."

"आन तरी माह्या दारात आली."

"दुसरं दार नाई, बी."

सकीनाबी पोरीकडे पाहत उभी राहिली. या बाईने आता नुसतं सूप उचलून पुन्हा पाखडायला घेतलं तर तिला दोष देता येणार नाही, हे रंगूला कळत होतं.

"मुतली कवा?"

"काल."

"या अल्लाह!" सकीनाबी आत गेली, कापसाचा बोळा पाण्यात बुडवून आणला, पोरीच्या ओठांवर पिळला. "असं करत राह्य. थेंब थेंब. जास्त नोको टाकू." मग पदर कमरेला खोचून ती गोठ्यात शिरली. जब्बार बाजाराला गेला होता. तिने एकटीने बैल काढले, बंडी ओढली, जू मानेवर ठेवताना बैल हटला तर त्याच्या नाकावर थापड दिली. तिच्या हातांना हे काम रोजचं नव्हतं. खीळ बसेना तेव्हा ती रडकुंडीला येऊन शिव्या देऊ लागली. बैलाला, खिळीला, जब्बारला, पाटलाला.

वेशीपाशी रूपलाने बंडी अडवली. धावत आल्यामुळे त्याला धाप लागली होती.

"सकीनाबी, पाटलाले इचारलं का?"

"बैल माह्ये, बंडी माही, रस्ता सरकारी. पाटलाचं काय हाय त्याच्यात?"

"पोट्टी हाय ना!"

"मंग पाटलाले मन, येऊन दूध पाज तिले!"

तिने कासरा ओढला. रूपला बाजूला झाला. दारादारांत माणसं उभी होती. रंगूने पोरीला झाकलं नाही. झाकायला तिचा हात रिकामाच नव्हता. ती बोळा पिळत होती.

दवाखान्यातला डॉक्टर तिच्यावर खेकसला. "इतके दिवस काय करत होतात?" त्याने मथीच्या मांडीत जाड सुई घातली आणि कातडीखाली पाणी सोडलं. मांडी फुगून आली. मथी रडली नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. मग मीठ-साखरेचं पाणी चमच्याने, पुन्हा पुन्हा. रंगूचा चमचा सांडू लागला तसा तो सकीनाबीने घेतला आणि पोर मांडीवर घेऊन बसली. व्हरांड्यात फरशी गार होती. ऊन उतरलं. मथीने एकदा जोरात श्वास घेतला आणि रंगू अर्धवट उठली.

"बस," सकीनाबी म्हणाली. "भिजवलं तुह्या पोरीनं मले."

तिच्या लुगड्यावर ओला डाग पसरत होता. रंगू हसायला गेली आणि तिला हुंदका आला. दोन्ही हातांनी तोंड दाबून ती भिंतीला टेकली. सकीनाबी लुगड्याचा ओला भाग चिमटीत धरून पिळत राहिली.

"आता तं गेलंच माह्यं वावर," ती म्हणाली. रंगूला नव्हे, पिळलेल्या लुगड्याला म्हटल्यासारखं.

पुनवेला पुन्हा सगळे वावरात जमले. या वेळी पटवारीही होता. पाटलाच्या माणसांनी नवा दगड घडवून बंडीतून आणला होता. मथी अशक्त होती, मान रंगूच्या खांद्यावर टाकलेली, पण डोळे उघडे. लोक येऊन येऊन पाहून गेले.

"बिमार पडली होती," जब्बार म्हणाला. "साऱ्या गावानं पाह्यलं. माह्याच बंडीत गेली."

"पडली ना," पाटील म्हणाले. "आन उठली. देवानं धरून पाह्यलं, खोटं काई सापडलं नाई, सोडून देलं. याच्याहून खरा धुरा कोनता राह्यते, जब्बार? तुह्या घरच्यायनंच तं वाचवली. म्या मानतो उपकार."

पंच हसले. आपल्या बायकोने जे केलं ते वाईट होतं असं जब्बारला म्हणता येईना.

रंगूला तिथून पळावंसं वाटत होतं. पोरगी वाचली होती. आता गप्प राहिलं की घर राहणार होतं, वावर राहणार होतं. बोललं तर? देवाने आजवर ते खोटं ऐकलं नसेल तर आता ऐकेल, आणि मथीला धरेल. तिने तळव्याने मथीचा वरचा कान झाकला, दुसरा आपल्या खांद्यात दाबला.

"खोटं हाय," ती म्हणाली. "धुरा बाभळीपाशी वळते. आमाले खोटं चालाले लावलं."

आवाज फार मोठा नव्हता. पण सगळ्यांच्या माना वळल्या. पाटलाने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुह्या नावावर किती जमीन हाय वं?"

"मले जमीन नाई, मालक."

"मंग धुऱ्याचं तुले काय समजते?" ते पंचांकडे वळले. "पोट्टीच्या बिमारीनं बाईचं डोक्शं ठिकानावर नाई. जगदेव, घे सब्बल. गड्डा खन."

जगदेवने सब्बल उचलली. लोकांनी त्याला वाट दिली. तो पाटलाने खूण केलेल्या जागेपाशी आला, थांबला, आणि पुढे चालत बाभळीपर्यंत गेला. तिथून वळला. नाल्याच्या अंगाला, जिथे जुना दगड होता तिथे, त्याने सब्बल मारली. भुई कडक होती. पहिल्या घावाला नुसता टवका उडाला. तो मारतच राहिला.

"जगदेव," पाटील म्हणाले. "इकडं."

तो मारत राहिला. पाटील ओरडले नाहीत. त्यांनी रूपलाकडे पाहिलं. रूपलाने जाऊन सब्बल हिसकली. जगदेव गुडघ्यावर बसला आणि हातांनी माती उकरू लागला. मग दोघा गड्यांनी त्याला बगलेत धरून उचललं. त्याच्या नखांतून रक्त आलं होतं. "ऊन लागलं त्याले," पाटील म्हणाले. बबनरावांनी मान हलवली.

दगड पाटलाच्या जागेवर बसला. पटवारीने दोरी धरली, खूण केली. जब्बार दगडाकडे पाहत नव्हता. जगदेवपाशी जाऊन तो म्हणाला, "आज खनून काय फायदा, बाबू? त्या दिवशी वळला असता तं…" आणि पुढचं न बोलता नाल्यात उतरून निघून गेला.

जागा खाली करायचा निरोप रूपलाच घेऊन आला. त्या दिवशी तो हसला नाही. गोजराबाईने जातं घ्यायला लावलं, म्हणून जगदेवच्या डोक्यावर जातं आणि रंगूच्या डोक्यावर बोचकं, कडेवर मथी. केनवडला रंगूचा मामा होता. तो ठेवून घेईल की नाही ठाऊक नव्हतं.

जब्बारच्या घरावरूनच रस्ता होता. सकीनाबी दारात आली. या म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही.

"पंचात बोलली मनतात तू."

"हाव."

"चालाच्या दिवशी बोलाचं होतं."

"हाव," रंगू म्हणाली.

सकीनाबीने मथीकडे पाहिलं. पोरगी आईच्या पदराशी खेळत होती. "आता तं समद्याईसमोर खोटं मनून बसली. भेव नाई वाटलं?"

"वाटून राह्यलं," रंगू म्हणाली. "अजून."

मथी शिंकली.

जगदेव जात्याखाली जागच्या जागी थांबला. गोजराबाईने काठी टेकली. सकीनाबीचा हात चौकटीवर होता, तो तिथेच राहिला. चौघंही मथीच्या तोंडाकडे बघत उभी होती.

मथीने नाक चोळलं, आणि बराच वेळ काही झालं नाही. मग गोजराबाई म्हणाली, "चाला," आणि ती तिघं चालू लागली.